पाच फुल्या

बटणताईला सगळे बटणताई म्हणत, यात तिच्या आईवडिलांचा काही दोष नव्हता. त्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी चांगलं चार अक्षरी नाव ठेवलं होतं. पण एकाच शिंप्याच्या दुकानात तेवीस वर्षं काजं करून नि बटणं लावून माणसाचं नाव झिजतं आणि धंदाच नाव होऊन बसतो. तिला त्याचं काही वाटत नसे. खोड म्हणावी तर एकच होती. शर्ट हातावेगळा झाला की डाव्या कफाच्या आत, काजाच्या शेजारी, ती दोन टाक्यांची बारीकशी फुली घालायची आणि फुलीखाली एक गाठ मारायची. मालकाने एकदा विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाली, "माझं काम झालं, ही खूण." दोन टाक्यांना दोरा तो किती लागणार, मालक गप्प बसला.

हीच फुली आणि फुलीखाली गाठीच्या जागी टिंब ती दर शनिवारी दुपारी चर्चमध्ये पेन्सिलीने काढायची. त्याची हकिगत अशी.

चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. ज्याला कुणाला आपल्यासाठी प्रार्थना व्हावीशी वाटे त्याने कागदावर दोन ओळी लिहाव्यात, नाव घालू नये आणि घडी करून पेटीत टाकावं. पेटीची किल्ली बटणताईच्या कात्रीच्या नाडीला बांधलेली. शनिवारी ती मागच्या खोलीत बसून एकेक चिठ्ठी उघडायची, डोळे मिटून ती प्रार्थना जणू स्वतःचीच असल्यासारखी करायची, झाली की चिठ्ठीवर फुली नि टिंब, आणि शेवटी सगळ्या चिठ्ठ्या शेगडीत. तिच्याआधी हे काम तिची सासू करायची. तिने किल्ली सोपवताना तीन गोष्टी बजावल्या होत्या. कुणाची चिठ्ठी ते शोधायचं नाही, एकही गाळायची नाही, बाहेर चकार शब्द काढायचा नाही. "आणि पटली नाही तरी करायची," ही चौथी. सासूच ती, तीनवर कशी थांबेल?

बारा वर्षं हे सुरळीत चाललं. कधी एकाने शेजाऱ्याचं कुत्रं गप्प बसू दे म्हणून मागावं, आणि पुढच्याच चिठ्ठीत दुसऱ्या अक्षरात माझ्या कुत्र्याचा घसा असाच खणखणीत राहू दे म्हणून यावं. बटणताईने दोन्ही केल्या, दोन्हींवर फुली मारली. कुत्र्याचं पुढे काय झालं ते देव जाणे.

मग देशाची निवडणूक आली आणि पेटीचं पोट फुगलं.

उमेदवार पाच होते, पण खरी झुंज दोघांत. एकाला लोक कारखानेवाला म्हणत. गावाबाहेरचा बाटल्यांचा काचकारखाना बंद पडू देणार नाही, असं त्याने छातीवर हात मारून सांगितलं होतं. दुसरी दवाखानेवाली. सरकारी दवाखाना फुकट आहे तो फुकटच राहील, ठेकेदाराच्या घशात जाणार नाही, हे तिचं वचन. आता दोन्ही गोष्टी एकदम करायला कुणाची ना होती? पण नाही. कारखानेवाला म्हणे, फुकटचे दवाखाने सरकारला परवडत नाहीत. दवाखानेवाली म्हणे, त्या कारखान्याच्या धुराने माणसं आजारी पडतात, त्याला टाळं लावा. झालं. गाव उभं चिरलं गेलं, आणि चिरण्याची रेघ नेमकी बटणताईच्या जेवणाच्या टेबलावरून गेली.

कारण तिचा मुलगा काचकारखान्यात भट्टीवर होता. आणि तिचा थोरला भाऊ आठवड्यातून तीन दिवस सकाळी सात वाजता सरकारी दवाखान्यात जाऊन डायलिसिसच्या यंत्राला हात देऊन चार तास पडून राहायचा.

हा भाऊ म्हणजे साधासुधा मामा नव्हे. मुलगा चार वर्षांचा असताना बटणताईचा नवरा गेला. तेव्हा भाऊ आपलं बिऱ्हाड मोडून तिच्याकडे राहायला आला तो कायमचा. पाट्या रंगवायचा तो. गावातली निम्मी दुकानं त्याच्या अक्षरांखाली धंदा करत. त्याने लग्न केलं नाही, पोराला खांद्यावर बसवून शिडी चढायला शिकवलं, आणि पोराच्या पहिल्या पगाराच्या दिवशी पोरापेक्षा जास्त हाच रडला. पोराला तो पठ्ठ्या म्हणायचा. मामा-भाच्याचं गूळपीठ इतकं, की बटणताईला कधीकधी आपण या घरात पाहुण्या आहोत की काय असं वाटे.

घरात रीत होती. दिवेलागणीला जेवणाआधी तिघांनी टेबलाशी बसायचं, डोळे मिटायचे, प्रत्येकाने एकेक वाक्य प्रार्थना करायची. कुणाची चालू असताना मध्ये बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, आणि संपली की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. भांडायला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, हे दोघांच्याही लवकरच लक्षात आलं.

"हे प्रभू," मामाने एका संध्याकाळी सुरुवात केली, "ज्यांना माणसाच्या जिवापेक्षा बाटल्या प्यार आहेत, त्यांचे डोळे उघड."

बटणताई घाईघाईने आमेन म्हणाली.

"हे प्रभू," मुलगा म्हणाला, "ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवल्या आणि आता कुणाची तरी पाटी गळ्यात अडकवून फिरतात, त्यांना अक्कल दे."

बटणताई पुन्हा आमेन म्हणाली. तोंडाची सवय, दुसरं काय.

"आमेन कुणाला म्हणालीस?" दोघांनी एकदम डोळे उघडून विचारलं.

"देवाला!" ती ओरडली. "तुम्ही दोघं दुसऱ्या कुणाशी बोलत होतात का?"

त्या दिवसापासून टेबलावरची प्रार्थना बंद झाली आणि बोलणंही. तीन हातांवर बसलेल्या मामाला मुलगा आईमार्फत निरोप धाडायचा. "आई, मामाला सांग, बाहेरच्या दाराची कडी मी घातलीय." मामा आईकडे बघून म्हणायचा, "सांग त्याला, मी बहिरा नाही." दोन महिने हा खेळ. आणि निवडणुकीच्या आधल्या रविवारी मुलाने कपाटावरची बॅग खाली काढली, कपडे भरले आणि दाराशी आणून ठेवली. कारखान्याच्या फाटकासमोर एक खोली त्याने बघून ठेवली होती.

"हे काय रे?" बटणताईने विचारलं.

"मी बेकार व्हावं म्हणून ज्या घरातून मत पडतं, त्या घरात मी कसा जेवू? मामाचं मत मला माहीत आहे. तुझं माहीत नाही. तुझंही तिकडेच गेलं, तर मी इथे कुणासाठी राहू?"

आतल्या खोलीतून मामाचा आवाज आला. "सांग त्याला, त्याच्या आईचं मत तिकडे गेलं तर मीही माझी शिडी उचलतो. मला धर्मशाळा पुरे."

म्हणजे आता बटणताईने मत कुठेही टाकलं तरी घरातलं एक माणूस जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

तिने चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, पेटीत निम्म्या चिठ्ठ्या म्हणतात कारखानेवाला येऊ दे, निम्म्या म्हणतात दवाखानेवाली येऊ दे. मला तर सगळ्याच कराव्या लागतात. मी एका चिठ्ठीला एकाला निवडून आणते नि पुढच्या चिठ्ठीला पाडते. देव मला काय म्हणत असेल?"

"देवाचा गोंधळ होत नाही, बाई. आपला होतो," पाळकसाहेब म्हणाले. हे बोलताना त्यांचा चेहरा मात्र रडवेला होता. गेल्या रविवारी त्यांनी उपासनेत अगदी तोलून मापून प्रार्थना केली होती, की प्रभू, आम्हाला गरिबांची कणव असलेला पुढारी दे. डावीकडच्या बाकांना वाटलं ही कारखानेवाल्यासाठी, उजवीकडच्यांना वाटलं दवाखानेवालीसाठी. दोन्हीकडून असं चढाओढीने आमेन झालं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग उपासना संपल्यावर दोन्ही बाजूंचे लोक त्यांना वेगवेगळे भेटून म्हणाले, साहेब, तुम्ही उघड बाजू घेतलीत ते बरं केलंत.

"मग मी मत कुणाला देऊ, तेवढं तरी सांगा."

"प्रार्थना करून द्या," ते म्हणाले आणि घाईने आत निघून गेले.

मतदानाच्या आधल्या शनिवारी पेटीत एकोणसाठ चिठ्ठ्या निघाल्या. बटणताईने शेगडी पेटवली, पेन्सिलीला टोक केलं आणि बसली. एकोणतिसावी चिठ्ठी कारखान्याच्या पाळीच्या पावतीमागे लिहिलेली होती. डावखुऱ्याची, मागे कललेली अक्षरं. ती अक्षरं तिने पहिलीपासून वहीत बघितली होती. चिठ्ठीत होतं: प्रभू, आईचं मत कारखान्याला पडू दे. तिला एकदा तरी आधी माझ्याकडे बघू दे.

बटणताईने चिठ्ठी उलटी ठेवली, सुलटी केली. कुणाची ते शोधायचं नाही, ही सासूची पहिली अट. पण न शोधताच सापडलं तर काय करायचं, हे सासू सांगून गेली नव्हती.

पुढच्या चार चिठ्ठ्या कशा झाल्या ते तिला आठवत नाही. मग आली दवाखान्याच्या कार्डाची फाडलेली पाठ. तिच्यावरचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहिणाऱ्याने आटापिटा केला होता. पण चाळीस वर्षं पाट्या रंगवणाऱ्याने कितीही वेडंवाकडं लिहिलं तरी ओळ सरळच येते आणि दोन शब्दांमधली जागा मोजल्यासारखी सारखी पडते. प्रभू, माझ्या बहिणीचं मत दवाखान्याला पडू दे. मला मरणाचं भय नाही असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं आहे.

ती पदराने डोळे टिपत बसून राहिली. तिला रागही आला. अरे, एका घरात राहता, माझ्या हातचं जेवता, आणि मला सांगायची गोष्ट पेटीत टाकता? आणि पेटी उघडणारी मीच आहे हे काय तुम्हाला ठाऊक नाही? ठाऊक होतं. म्हणूनच टाकली होती. तोंडाने सांगायची दोघांनाही लाज वाटत होती.

एकही गाळायची नाही. बटणताईने डोळे मिटले आणि आपलं मत कारखान्याला पडावं म्हणून मनापासून प्रार्थना केली. फुली, टिंब. मग आपलं मत दवाखान्याला पडावं म्हणून तितक्याच मनापासून केली. फुली, टिंब. आपल्याच एका मतासाठी आपणच दोन तोंडांनी मागणारी बाई देवाने याआधी बघितली असेल की नाही, कोण जाणे.

मतदानाचं ठिकाण चर्चचंच सभागृह होतं. मतदान अधिकारी म्हणून शाळेतल्या भूगोलाच्या मॅडम आल्या होत्या. एका लांब टेबलाच्या एका टोकाला कारखानेवाल्याचा प्रतिनिधी म्हणून बटणताईचा मुलगा बसला होता, दुसऱ्या टोकाला दवाखानेवालीचा प्रतिनिधी म्हणून मामा. घरातून दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी आले होते. अंगात दोघांच्याही बटणताईने शिवून घेतलेले शर्ट. सभागृहाच्या स्वयंपाकघरात चहाचं काम नेहमीप्रमाणे बटणताईकडेच होतं. तिथून टेबलाकडे उघडणारी एक छोटी खिडकी होती, तिच्यातून ती कप सरकवायची.

अकराच्या सुमाराला गर्दी ओसरली, तशी ती हात पुसून मत द्यायला गेली. मॅडमनी नाव तपासलं, कागद दिला. टेबलाच्या दोन्ही टोकांवरून दोन माणसं तिच्याकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती उभी राहिली. समोर दोरीला बांधलेली पेन्सिल, कागदावर पाच नावं, प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन. ज्याला मत द्यायचं त्याच्यापुढे फुली मारायची, इतकं सोपं काम.

प्रार्थना करून द्या, पाळकसाहेब म्हणाले होते.

तिने डोळे मिटले. पहिलं नाव होतं दर निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या आणि दर निवडणुकीला आपटणाऱ्या एका म्हाताऱ्याचं. बटणताईला त्याच्या बायकोची दया आली. प्रभू, याला आता घरी बसायची बुद्धी दे, आणि घरी बसल्यावर बायकोला सहनशक्ती दे. दुसरा कारखानेवाला. प्रभू, याचं बोलणं खरं होऊ दे, माझ्या पोराची भट्टी विझू देऊ नकोस. हे मागताना तिचा हात इतका दाबला गेला की पेन्सिलीचं टोक पिचलं. तिसरा कुणी तरणा होता, त्याला कुणीच ओळखत नव्हतं. त्याची आई ओळखत असेलच की, तिच्या जिवाला शांती दे. चौथी दवाखानेवाली. प्रभू, हिला कणखर ठेव, माझ्या दादाला यंत्रापासून तोडू नकोस, तो घाबरलाय रे. पिचलेल्या पेन्सिलीने नीट उमटेना, म्हणून तिने पुन्हा एकदा गिरवलं. पाचवा एक निवृत्त शिपाई, गुडघे दुखत असणार. प्रभू, त्याचे गुडघे.

आमेन म्हणून तिने कागदाची घडी केली, मतपेटीत टाकली आणि हलक्या मनाने चहाकडे वळली. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पातेल्यात पाणी ओतता ओतता तिचा हात थांबला.

"अगं बाई!" ती म्हणाली. "मी हे काय करून बसले!"

बारा वर्षांची सवय. प्रार्थना झाली की फुली, खाली टिंब. तिने पाचही जणांसाठी प्रार्थना केली होती आणि पाचही चौकोनांत, एकाखाली एक, काम झाल्याची खूण करून ठेवली होती.

ती तशीच ओल्या हाताने मॅडमकडे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तो कागद जरा परत मिळेल का? थोडं चुकलंय."

"पेटीत पडलं ते पडलं, बटणताई," मॅडम म्हणाल्या. "ती काय तुमची प्रार्थनेची पेटी आहे, उघडली आणि बघितली?"

उरलेला दिवस तिने कसा काढला ते तिलाच माहीत. कुणाच्या चहात साखर दोनदा पडली, कुणाच्या पडलीच नाही. ती स्वतःला विचारत राहिली, कागद परत मिळाला असता तर कुणापुढची फुली ठेवली असतीस? चार खोडून एक ठेवायची म्हटलं की पोराची पाळीची पावती डोळ्यांसमोर यायची, ती ठेवावी तर दादाच्या कार्डाची पाठ. बॅग दाराशी होती आणि शिडी अंगणात. दोघं विचारतील तेव्हा काय सांगायचं? पाचांना दिलं म्हणून? हसतील की रडतील? की दोघंही जातील? हा विचार मनात आला आणि तिने खिडकीची चौकट घट्ट धरली.

चार वाजता मतदान संपलं. दारं बंद झाली आणि त्याच टेबलावर मोजणी सुरू झाली. मॅडम एकेक कागद उघडून दोन्ही प्रतिनिधींना दाखवायच्या आणि ज्याच्या त्याच्या ढिगावर ठेवायच्या. शंकेचा कागद निघाला की मामा-भाचे तुटून पडायचे. एकाने फुलीऐवजी बरोबरची खूण केली होती. "हे आमचं!" मुलगा म्हणाला. "सांगा त्यांना, फुली म्हणजे फुली!" मामा मॅडमना म्हणाला. एकाने नावावरच फुली मारली होती. आता ती पसंतीची की खोडल्याची? त्यावर पंधरा मिनिटं गेली. एका कागदावर कुणी नुसतं 'देव तुमचं भलं करो' लिहिलं होतं, त्यावरही दोघांनी हक्क सांगितला. मॅडमचं डोकं उठलं, त्यांनी दोनदा बटणताईकडे पाणी मागितलं.

शेवटी कागद संपत आले तेव्हा दवाखानेवाली कारखानेवाल्यापेक्षा फक्त एका मताने पुढे होती. आणि मॅडमनी तो कागद उघडला.

"घ्या," त्या म्हणाल्या, "हा बघा राजा हरिश्चंद्र. पाचांनाही दिलंय."

त्यांनी कागद उजेडात धरला. खिडकीमागे बटणताईने हातातली किटली खाली ठेवली.

"तसं बघितलं तर बाद आहे," मॅडम कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या. "पण मतदाराचा कल दिसत असेल तर धरा, असा नियम आहे. दुसरी फुली सगळ्यांत ठळक आहे. चौथी दोनदा गिरवलीय. आता तुम्ही दोघं काय तो तमाशा करा आणि मला घरी जाऊ द्या. काय म्हणता?"



मुलगा कागदाकडे बघत होता. फुल्यांकडे नव्हे, फुल्यांच्या खालच्या टिंबांकडे. मग त्याने हळूच डाव्या कफाचं बटण काढलं, कफ उलटा केला आणि बघितलं. मान वर केली तर समोरच्या टोकाला मामाने आपला कफ आधीच उलटा केलेला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोघांनी सरळ एकमेकांकडे बघितलं.

हे एक मत मुलाच्या बाजूला आलं तर बरोबरी होणार होती. नुसतं बोट ठेवायचं, ही बघा, ठळक आहे. बटणताईने डोळे मिटले. तो बोट ठेवणार आणि दादा उठून जाणार, असं तिला वाटलं.

"मॅडम," मुलगा म्हणाला, "हे मत... चौथीला धरा. दोनदा गिरवलंय. एकदा मारून पुन्हा मारली, म्हणजे मनात तीच होती."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "तुम्ही कारखानेवाल्याचे ना?"

"काही नाही तसलं!" मामा खुर्चीवरून अर्धा उठला. "डोळे फुटलेत का? दुसरी बघा, दुसरी! किती दाबून मारलीय. कागद फाटायचा राहिलाय. हे मत कारखान्याचं आहे. लिहा, माझी हरकत नाही."

"माझी आहे हरकत!"

"तुझी हरकत गेली चुलीत! ती बाई पेन्सिल मोडेपर्यंत दाबते, ते कुणासाठी?"

"आणि दोनदा गिरवते ते कुणासाठी, मामा?"

"अहो, तुमचं डोकं फिरलंय का?" मॅडम किंचाळल्या. "मघापासून मत ओढायला भांडताय आणि आता ढकलायला भांडताय? कोण बाई? तुम्हाला काय माहीत कुणाचं मत ते? बाद! हे मत बाद! विषय संपला!"

त्यांनी कागदावर लाल शिक्का मारला. दोघंही खाली बसले. दवाखानेवाली एका मताने पुढे राहिली ती राहिलीच. उद्या देशभरातले आकडे लागतील, तेव्हा कुणाचं तरी काहीतरी बंद पडणारच होतं, ते काही या टेबलावर टळलं नव्हतं. बटणताईला हे कळत होतं. तरी तिच्या डोळ्यांतून पाणी का वाहतंय, हे मात्र कळत नव्हतं. पोराने मागितलं होतं मत इकडे पडू दे, दादाने मागितलं होतं तिकडे पडू दे, तिने दोन्ही मागितलं होतं, आणि शेवटी पोरगा ते तिकडे ढकलत होता नि दादा इकडे. देवबापा, यात तू ऐकलंस तरी कुणाचं?

कागदपत्रं बांधून झाली. मामा उठला, काठी घेतली आणि जाता जाता भाच्याजवळ थांबला. त्याची नजर पोराच्या मनगटावर लोंबणाऱ्या कफावर होती.

"बटण लाव, पठ्ठ्या," तो म्हणाला. "लोक बघतायत."

"तुझं आधी लाव," मुलगा म्हणाला.

मामाला डायलिसिसच्या हाताने बटण लावता येत नसे. ते रोज बटणताई लावायची. मुलाने त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि जाड बोटांनी, दोनदा चुकून, बटण काजात घातलं.

घरी तिघं एकाच रस्त्याने आले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. बॅग दाराशी तशीच होती. मुलाने ती उघडलीही नाही आणि उचललीही नाही, फक्त पायात येते म्हणून जरा बाजूला सरकवली. बटणताईने जेवण वाढायला घेतलं.

"उद्या माझा दवाखान्याचा दिवस आहे," मामा कुणाकडेच न बघता म्हणाला. "सातला."

"माहितेय," मुलगा म्हणाला. "मी सोडतो. माझी पाळी नऊची आहे. आहे तोवर."

टेबलाशी तिघं बसले. डोळे आपोआप मिटले गेले. कुणीतरी सुरुवात करायची होती, पण कुणी करेना. बटणताईलाही काय मागावं ते सुचेना. एक मागितलं की दुसरं राहतं, दोन्ही मागितली की बाद होतात. असा किती वेळ गेला कोण जाणे, वाढलेलं थंड व्हायला लागलं.

"आमेन," बटणताई म्हणाली.

प्रार्थना कुणी केलीच नव्हती. तरी दोघंही तिच्यामागून आमेन म्हणाले आणि जेवायला लागले.